ताटक्यांचा होकार

टोपी बसली की पहिली काही मिनिटं टाळूवर मुंग्यांची रांग फिरतेय असं वाटायचं. आत शहाण्णव संवेदक होते, प्रत्येक मुगाच्या दाण्याएवढा. ते एकेक दाबून बसवणारा तौफिक मुजावर रोज सकाळी न चुकता विचारायचा, "काका, आज कटिंग कुठली करू?" आणि विद्याधर ताटके रोज न चुकता उत्तर द्यायचे, "सर."

दुसरं उत्तर त्यांच्याकडे नव्हतंच. चौदा महिन्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या भागात रक्ताची गुठळी अडकली आणि त्यांचा उजवा हात, उजवा पाय आणि तोंडातली सगळी भाषा एका सकाळीत घेऊन गेली. भाड्याचं घर रिकामं करताना भिंतीत एखादा खिळा राहून जातो, तसा एक शब्द तेवढा मागे राहिला. आत, मनात, मराठी जशीच्या तशी होती. ताटके वर्तमानपत्रातल्या चुका काढत, भेटायला आलेल्यांची मापं काढत, कोण किती मिनिटं बसलं आणि त्यातली किती मिनिटं मोबाइलमध्ये डोकं घालून बसलं याची मनातल्या मनात नोंद ठेवत. त्यातलं काही बाहेर सांगायला गेलं की ओठांवर यायचा तो "सर".

मान हलवून नाही म्हणता येईल, असं कुणालाही वाटेल. पण मान आडवी न्यायला गेलं की ती उभीच हलायची. गुठळीने ती दोरीसुद्धा कापली होती. डाव्या हाताने लिहायला घेतलं की कागदावर कोंबडी चालून गेल्यासारखं दिसायचं.

"काका, आज पहिला दिवस," डॉ. शर्वरी हुद्दार समोर खुर्ची ओढून बसत म्हणाली. या वाचा पुनर्वसन प्रयोगशाळेची ती प्रमुख. वय चौतीस, आवाज मऊ, आणि रुग्णाच्या डोळ्यांपेक्षा पडद्याकडे बघायची सवय. "घाई नाही. सोमवारी वाचारोपणाची शस्त्रक्रिया करावी असा आमचा प्रस्ताव आहे. तुमची तयारी आहे का?"

ताटके मनात म्हणाले, नको. बाई, नको. त्यांनी डाव्या हाताने खुर्चीचा दांडा आवळला.

"सर!"

भिंतीवरच्या स्पीकरमधून आवाज आला. तो त्यांचाच होता. कार्यालयातल्या जुन्या बैठकांच्या ध्वनिमुद्रणांवरून जोडलेला, पंधरा वर्षांनी तरुण, घसा साफ केलेला.

"होय सर. आपण म्हणाल तसं."

पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. संमती, एक्क्याण्णव टक्के.

"मी म्हटलं नव्हतं?" कोपऱ्यातल्या सोफ्यावरून चौबळ साहेब म्हणाले आणि त्यांनी मांडीवर थाप मारली. "माझा ताटके कधी कुठल्या कामाला मागे हटला नाही."

ताटके स्पीकरकडे बघत राहिले. चोर घरात शिरल्याचं त्यांनी पुष्कळ ऐकलं होतं. आपल्याच आवाजात बोलणारा चोर त्यांना नवीन होता.

त्यांची पत्नी ज्योत्स्ना शेजारी उभी होती. तिने पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. भांडणाआधी ती नेहमी असंच करायची. "डॉक्टर, हे यंत्र असं कसं बोलतं, ते मला एकदा समजावून सांगा. मी काही शिकलेली नाही फार, पण अडाणीही नाही."

"सांगते ना, काकू. माणूस शब्द उच्चारतो त्याच्या पाऊण सेकंद आधी मेंदूत अर्थ तयार होतो. अर्थ आधी, शब्द मागून. काकांकडे शब्द एकच उरला. त्याला आम्ही शेषशब्द म्हणतो. पण अर्थ अजूनही पन्नास तऱ्हेचे तयार होतात आणि प्रत्येकाची खूण वेगळी उमटते. हा अर्थवेधक ती खूण पकडतो आणि तिला पूर्ण वाक्य देतो."

"पण कुठली खूण म्हणजे काय, हे त्याला कोण सांगतं?"

"बरोबर बोट ठेवलंत," तौफिक टोपीच्या तारा सरळ करत म्हणाला. "यंत्राला खूण दिसते, अर्थ दिसत नाही. मेंदूत कप्प्यांवर चिठ्ठ्या लावलेल्या नसतात हो. ती चिठ्ठी कुणीतरी माणसाने लावायची. काकांनी सर म्हणायचं आणि ज्याला त्यांचा सर कळतो त्याने बटण दाबायचं. हा होकार, हा प्रश्न, हे आभार. सहाशे बारा वेळा दाबलं. त्याला म्हणायचं अर्थनोंदणी. आता यंत्र आपलं आपण ओळखतं."

"मग मला का नाही बसवलंत? मी बायको आहे त्यांची."

"म्हणूनच नाही बसवलं," शर्वरी समजूत घालत म्हणाली. "रुग्णस्वर कायद्यात नातेवाइकांना मनाई आहे. पूर्वी फार वाईट प्रकार झाले. मुलगा म्हणायचा बाबांना हे हवंय, सून म्हणायची ते हवंय, आणि बाबा बिचारे बघत राहायचे. आता रुग्णाचा स्वतःचा स्वर तोच खरा. अर्थनोंदणीला त्रयस्थ माणूस लागतो, ज्याने तो शब्द सगळ्यांत जास्त वेळा ऐकलाय असा. काका तुम्हाला घरी कधी सर म्हणाले होते?"

"मला ते 'अगं ए' म्हणायचे," ज्योत्स्ना म्हणाली.

यावर सगळे हसले. ताटकेही हसले असते, पण त्यांचं लक्ष हिरव्या आकड्यावर होतं.

अरविंद चौबळ म्हणजे जलमापन मंडळाचे निवृत्त मुख्य अभियंता. ताटके अकरा वर्षं त्यांचे स्वीय सहायक होते. दिवसाला साठेक सर धरले आणि सुट्ट्या वगळल्या, तरी दीड लाखाच्या वर सर या एका माणसाच्या कानात गेले होते, म्हणून अर्थनोंदणीला त्यांनाच बसवलं होतं. पाठीमागे सगळे त्यांना साहेबच म्हणत, पण तोंडावर 'सर' लागायचं. साहेब म्हटलं की म्हातारं झाल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं.

बाहेरच्या माणसाला सर म्हणजे एक हाक वाटते. ताटक्यांना त्या शब्दाची खरी ताकद ठाऊक होती. आखूड सर म्हणजे हजर आहे. शेवटी किंचित वर नेलेला सर म्हणजे कळलं नाही, परत सांगा, पण मला कळलं नाही असं समजू नका. दोनदा जोडून म्हटला तर बाहेर कुणीतरी थांबलंय. खाली पडत गेलेला सर म्हणजे सहा वाजून गेलेत, माझी शेवटची गाडी आहे. फोनवर घरच्यांशी बोलताना मध्येच साहेब आले की जो सर निघायचा, त्यात फोन ठेवण्याची घाई, आपण कामच करत होतो हा दावा आणि बायकोला दिलेली मूक माफी असं तिन्ही असायचं. विनोद आवडल्याचा सर होता, विनोद तिसऱ्यांदा ऐकल्याचा सर होता. आणि एक सर असा होता जो ताटक्यांनी सदतीस वर्षांच्या नोकरीत फार तर दहाबारा वेळा वापरला असेल. पोटातून यायचा, मध्ये कापायचा. त्याचा अर्थ, सर, यावर सही करू नका.

पुराच्या वर्षी तो त्यांनी वापरला होता. चौबळ साहेबांनी पाण्याच्या पातळीचा आकडा दोन फुटांनी उतरवून टाइप करायला सांगितला, कारण मंत्र्यांचा दौरा होता आणि सायरन वाजवायचा नव्हता. खाली तीन गावं होती. "सर," ताटके म्हणाले होते आणि त्यांचे गुडघे थरथरले होते. "शाबास," साहेब म्हणाले होते आणि कागद पुढे सरकवला होता. पाणी आपोआप ओसरलं, गावं वाचली, आणि ती गोष्ट पुढे साहेबांच्या तोंडी धाडसाची गोष्ट झाली.

अर्थनोंदणीच्या दहा दिवसांत साहेबांनी ती चार वेळा सांगितली. "आठवतं ना ताटके? तुम्हीही माझ्याच मताचे होतात," असं म्हणून ते बघायचे. ताटक्यांना ती संध्याकाळ आठवायची, गुडघे आठवायचे, पोटातून सर निघायचा आणि साहेबांचं बोट टॅबवर टेकायचं. बोट कुठल्या बटणावर टेकतंय ते ताटक्यांना दिसायचं नाही.

आता दिसलं होतं.

शस्त्रक्रियेची माहिती शर्वरीने दिली ती ज्योत्स्नाला, पण ताटक्यांच्या समोरच. मेंदूच्या उजव्या भागात एक जाळी बसवायची आणि शेषशब्दाच्या जागेवरून तिला धागा जोडायचा. जमलं तर तीन महिन्यांत शंभरेक शब्द परत येतात. शंभरातल्या चौदा जणांचं जमत नाही.

"जमत नाही म्हणजे?"

"मग आतली भाषाही पुसली जाते," शर्वरी म्हणाली. "म्हणजे बोललेलं कळत नाही. मनातल्या मनातही शब्द राहत नाहीत."

मनातल्या मनात. ताटक्यांकडे दुसरं काय होतं? चौदा महिने त्यांनी संसार केला होता तो तिथेच. सकाळी ज्योत्स्ना वर्तमानपत्र वाचून दाखवायची, ते मनात तिचे उच्चार सुधारायचे. शेजारचे आपटे सहा मिनिटं बसून उठले की मनात त्यांच्या नावापुढे सहा लिहायचे. हे सगळं पुसलं तर खुर्चीत बसलेला माणूस कोण? खिडकीतून झाड दिसेल आणि त्याला झाड म्हणणारं आत कुणी नसेल. 

नियमाप्रमाणे प्रश्न लागोपाठ तीन दिवस विचारायचा होता. तिसऱ्या दिवसाचं उत्तर अंतिम, आणि त्या दिवशी कुणी गप्प राहिलं तर आधीचंच उत्तर कायम.

दुसऱ्या दिवशी ताटक्यांनी ठरवलं की शब्दच जोरात म्हणायचा. प्रश्न येताच ते ओरडले, "सर! सर! सर!" डाव्या हाताने त्यांनी टोपी ओढली, दोन तारा तुटल्या.

"होय सर. होय सर. अगदी नक्की," स्पीकरमधले ताटके प्रसन्नपणे म्हणाले. शहाण्णव टक्के.

"अहो, त्यांना नकोय!" ज्योत्स्ना पुढे झाली. "त्यांचा चेहरा बघा ना एकदा. त्यांना नकोय हो."

"काकू, प्लीज. तुमचं म्हणणं मी लिहूनही घेऊ शकत नाही. बेकायदा होईल ते."

"वहिनी, तुमची काळजी मला कळते," चौबळ साहेब म्हणाले. "पण या माणसाला मी तुमच्यापेक्षा जास्त तास पाहिलाय. दिवसाचे दहा तास."

"पाहिलात? तुम्ही त्यांना बघायचात कधी? आणि वहिनी नका म्हणू मला. अकरा वर्षांत आमच्या घरचा चहा घेतला नाहीत."

साहेबांनी शर्वरीकडे बघून, बायकांचं असंच असतं अशा अर्थाचं स्मित केलं. ते चुकीच्या माणसाकडे बघून केलं हे त्यांच्या लक्षात आलं नाही. ताटक्यांनी तेही नोंदवलं, सवयीने.

त्यांना एक शामक गोळी देऊन खुर्ची खिडकीशी ठेवली. कागदावर 'अस्वस्थता, सौम्य' असं लिहिलं गेलं. ज्योत्स्ना बाहेर भावाला फोन करायला गेली. तौफिक तुटलेल्या तारा जोडत होता आणि शर्वरी त्याच्या खांद्यावरून पडदा बघत होती. आजारी माणसासमोर लोक जितकं मोकळं बोलतात तितकं ते आरशासमोरही बोलत नाहीत, हे ताटक्यांनी केव्हाच ताडलं होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"मॅडम, एक गंमत दाखवू? हा संमतीचा पट्टा. आणि ही मेंदूतली भीतीची खूण. बघा, एकावर एक बसतायत. भीती जितकी वर, संमती तितकी वर. काल एक्क्याण्णव, आज शहाण्णव."

"शस्त्रक्रिया म्हटल्यावर भीती असणारच, तौफिक. घाबरत घाबरत हो म्हटलं तरी ते हो असतं."

"ते झालंच. पण नकाराकडे बघा. सहाशे बारामध्ये फक्त सात, आणि सातही एकाच प्रकारचे. साहेबांनी मध्येच विचारलेलं, 'ताटके, दमलात का? थांबू या का?' काका म्हणाले सर. साहेबांनी दाबलं 'नाही'. सातही वेळा. काय चिकाटी आहे काकांची!"

चिकाटी! ताटक्यांच्या मनात कुणीतरी कपाळावर हात मारला. त्यांना लघवीला जायचं होतं. सातही वेळा ते जिवाच्या आकांताने म्हणत होते, होय सर, थांबू या, उपकार होतील. आणि साहेब म्हणाले होते, "बघा, अजून दमत नाही गडी. चला, पुढे."

मग त्यांनी हिशेब मांडायला घेतला.

संध्याकाळपर्यंत त्यांनी तो हिशेब तीन वेळा तपासला. कार्यालयात कुठलंही टिपण असंच तपासायची त्यांची पद्धत होती. यंत्राने खुणा बरोबर पकडल्या होत्या, चिठ्ठ्या साहेबांनी लावल्या होत्या. भीतीने 'नको' म्हणणं, या खुणेवर चिठ्ठी होती होकाराची. मनापासून 'हो, हवं' म्हणणं, या खुणेवर चिठ्ठी होती नकाराची. दीड लाख सर ऐकून साहेबांना दोनच गोष्टी कळल्या होत्या, आणि त्या दोन्ही उलट्या कळल्या होत्या.

म्हणजे उद्या नाही म्हणायचं असेल तर मनापासून हो म्हणायला हवं. नाटक चालणार नव्हतं. टोपी शब्दाच्या पाऊण सेकंद आधी आत बघायची, आणि तिथे चेहरा नसतो, मुखवटाही नसतो. शस्त्रक्रिया टाळायची तर ती खरोखर हवीशी वाटायला हवी.

मरणाची भीती वाटणाऱ्या माणसाने मरण हवंसं कसं करायचं? त्यांनी शंभर शब्द मिळाले तर काय कराल, असं स्वतःला विचारून पाहिलं. भाषण? नको. चौबळ साहेबांना एकदा सुनवायचं? त्यात मजा होती, पण त्या मजेच्या तळाशी पुन्हा गुडघ्यांची थरथर लागायची. ती चालणार नव्हती. थरथर म्हणजे होकार.

ज्योत्स्ना मोसंबं सोलत बसली होती. सालीचे तुकडे नेहमीप्रमाणे ताटातच टाकत होती, फोडींच्या शेजारी. यावरून त्यांची तीस वर्षं भांडणं होत आली होती. साल वेगळ्या वाटीत टाकावी असं ताटक्यांचं ठाम मत होतं; एका मोसंब्यासाठी दोन भांडी कोण घासणार, असं तिचं. "काय बघताय?" ती म्हणाली. "टाकणार मी ताटातच. बोला काय बोलायचंय ते." मग ती थांबली. एक फोड हातात तशीच राहिली. "मेलं भांडायचीसुद्धा चव गेली," ती हळूच म्हणाली.

ताटक्यांना एकदम उमगलं, भांडायचं होतं. त्यांना या बाईशी एकदा मनसोक्त भांडायचं होतं. शंभर शब्द खूप झाले, तीसही पुरले असते. साल, वाटी, ताट, तुझी आई, माझी आई. ती तावातावाने पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेईल आणि ते उत्तर देतील, एकामागून एक, शब्दांत. हे इतकं हवंसं होतं की चौदा टक्क्यांचा आकडा क्षणभर दिसेनासा झाला.

तिसऱ्या दिवशी खोलीत एक नवीन बाई होत्या. कुमुद राजहंस, निवृत्त न्यायाधीश, यंत्राला मान्यता देणाऱ्या समितीच्या निरीक्षक. पांढरी साडी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्या कुणाशीच हसल्या नाहीत, म्हणून ताटक्यांना त्या बऱ्या वाटल्या.

"काका, शेवटचं विचारते," शर्वरी म्हणाली. "शस्त्रक्रियेला तुमची तयारी आहे?"

भीती आली. ती येणारच होती. ताटक्यांनी ज्योत्स्नाकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती, ओठ घट्ट मिटून, हरलेल्या माणसासारखी. अगं ए, ते मनात म्हणाले. साल वाटीत टाक. हे मला तुला सांगायचंय. त्यासाठी डोकं फोडावं लागलं तरी चालेल. फोडा. खरंच फोडा.

"सर," ते हळू आवाजात म्हणाले.

स्पीकर क्षणभर खरखरला. "नाही सर."

पडद्यावर लाल अक्षरं. नकार, अठ्ठ्याऐंशी टक्के.

"पुन्हा विचारा," राजहंसबाई म्हणाल्या.

शर्वरीने विचारलं. ताटक्यांनी ज्योत्स्नावरची नजर हलवली नाही. भांडण धरून ठेवलं, दोन्ही हातांनी धरावं तसं. "सर."

"नाही सर. मुळीच नाही."

ज्योत्स्ना तोंडाला पदर लावून रडायला लागली. चौबळ साहेब उठून उभे राहिले. "यंत्र बिघडलंय. ताटके मला नाही म्हणणार नाहीत."

"प्रश्न तुम्ही विचारला नव्हता," राजहंसबाई म्हणाल्या. "शस्त्रक्रिया रद्द. लिहा."

ताटक्यांनी डोळे मिटले. वाचलो. त्या सुटकेच्या मागोमाग एक बारीकशी कळ आली, की आता ती शंभर शब्दांची भांडणं कायमची गेली, आणि ती त्यांनी स्वतःच, खरोखर हवी असताना, नाकारली. ते दुःख करायलाही वेळ मिळाला नाही.

"डॉक्टर, तुम्हाला खरं सांगते," राजहंसबाई चष्मा पुसत म्हणत होत्या. "मी आज तुमचा प्रस्ताव फेटाळायला आले होते. नऊ रुग्ण, आजवर सव्वीस वेळा विचारलेला प्रश्न, आणि सव्वीसही होकार. असलं यंत्र म्हणजे रबरी शिक्का. पण आज त्याने तुमच्या सोयीविरुद्ध, तुमच्या तोंडावर नाही म्हटलं. ज्याला नाही म्हणता येतं त्याचाच हो खरा, असं मानत मी आयुष्यभर न्यायालयात बसले. तुमचं यंत्र मला पटलं."

शर्वरीच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरला. "म्हणजे बाकीचे आठ..."

"त्यांचे होकार ग्राह्य धरता येतील. सोमवारची रिकामी वेळ पहिल्या रुग्णाला द्या. कोण आहे?"

"डाबरेबाई," तौफिक म्हणाला. "हॉटेलात स्वागतकक्षात होत्या. शेषशब्द 'वेलकम'. अर्थनोंदणी त्यांच्या मॅनेजरांनी केली."

ताटक्यांचे डोळे उघडले. फिलोमिना डाबरे. व्यायामाच्या खोलीत ती शेजारच्या चटईवर असायची. गेल्या आठवड्यात तिने त्यांची बाही पकडली होती आणि कानाशी येऊन पुन्हा पुन्हा म्हटलं होतं, वेलकम, वेलकम, वेलकम. तिची बोटं बर्फासारखी होती. सव्वीस वर्षं जिला रागावलेल्या पाहुण्यांपुढे घाबरून तोच शब्द म्हणावा लागला, तिची भीती मॅनेजरांनी कुठल्या बटणावर नोंदवली असेल, हे ताटक्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"एक औपचारिकता राहिली," राजहंसबाई त्यांच्याकडे वळल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. "ज्या रुग्णावरून यंत्र पटलं, त्याचं मत त्याच्याच स्वरात हवं. ताटके, बाकीच्या आठ जणांसाठी हे यंत्र प्रमाण मानावं का? दोन मिनिटं घ्या. उत्तर आलं नाही तर हरकत नाही असं समजू."

गप्प बसणं म्हणजे हो. भीती म्हणजे हो. नाहीला एकच दरवाजा होता आणि तो ताटक्यांना आता पाठ होता. मनापासून हवं म्हणायचं.

त्यांनी प्रयत्न केला. फिलोमिना बोलतेय असं डोळ्यांसमोर आणून पाहिलं. शंभर शब्द, तिच्या वसईच्या बोलीतले, नातवाला हाका मारतेय. हे हवंय, त्यांनी मनाला बजावलं, हे तुला हवंय. पण त्या चित्राच्या आड तिची गार बोटं येत राहिली. स्वतःचं डोकं पणाला लावणं जमलं होतं, कारण ते त्यांचं होतं. आठ माणसांना टेबलावर घ्यावं अशी इच्छा पाऊण सेकंदसुद्धा आत उगवेना. सदतीस वर्षं त्यांनी खोटे आकडे टाइप केले होते, खोटं हसले होते. आणि आज एकदा खोटं हवं वाटायला हवं होतं, तर आतला माणूस हटून बसला होता. गुडघे थरथरायला लागले.

"तीस सेकंद," तौफिक म्हणाला.

ज्योत्स्ना त्यांच्याजवळ आली. तिने त्यांचा चेहरा पाहिला आणि तिचं रडणं थांबलं. "बाई, त्यांना काहीतरी सांगायचंय. थांबा. हे गप्प बसणं म्हणजे उत्तर नाही. मला कळतंय."

"काकू, तुमचं आम्हाला ऐकता येत नाही," शर्वरी हळुवारपणे म्हणाली.

ताटक्यांनी सगळा जीव एकवटला. पोटातून आला, मध्ये कापला गेला, आणि खोलीच्या काचा हलतील एवढ्या जोरात बाहेर पडला.

"सर!"

"होय सर," स्पीकरमधले तरुण ताटके म्हणाले. "अवश्य. मनापासून."

पडद्यावर आकडा चढत गेला आणि शंभरावर थांबला. तौफिकने शीळ घातली. राजहंसबाईंनी सही केली.

दार उघडलं. चाकांच्या खुर्चीत बसलेल्या डाबरेबाईंना त्यांचे मॅनेजर स्वतः ढकलत आत घेऊन आले. बाईंनी टोपी पाहिली, शर्वरीला पाहिलं, मग खुर्चीचे दोन्ही दांडे आवळून ताटक्यांकडे पाहिलं.

"वेलकम," त्या म्हणाल्या. आवाज फाटला होता.

"बघा," मॅनेजर कौतुकाने म्हणाले. "कधीची तयार होऊन बसली आहे."